आमच्या साडूंचे मूकपट

मूकपट काढणारा माणूस किती बोलू शकतो हे ज्याला पाहायचं असेल, त्यानं एकदा गारखेड्यात आमच्या साडूंच्या घरी यावं. पत्ता विचारायची गरज नाही. चौकात रिक्षातून उतरायचं आणि आवाज येईल त्या दिशेनं चालू लागायचं. सिनेमा बोलायला लागून एक जमाना लोटला, आता तर तो बोलायचा थांबतच नाही. अशा काळात या माणसानं त्याचं तोंड पुन्हा बंद केलं, आणि ते करताना स्वतःचं मात्र एकदाही केलं नाही. ‘मराठवाड्यातला पहिला मूकपट दिग्दर्शक’ अशी ते आपली ओळख करून देतात. दुसरा कुणी होण्याचा संभव नसल्यामुळे हा मान त्यांच्याकडून कुणी काढून घेईल असं वाटत नाही, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे. नाटककार मी आहे. कॉलेजात मराठी शिकवता शिकवता मी एकांकिका लिहिल्या, त्या स्पर्धांतून झाल्या, एकदोन ठिकाणी परीक्षकांनी ‘संवाद उत्तम’ असा शेराही दिला. तरी आमच्या नात्यागोत्यात कलावंत म्हणून कुणाचं नाव निघत असेल, तर ते ज्यानं जन्मात संवादाची एक ओळ लिहिली नाही त्या या गृहस्थाचं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. साडूंचा मूळ धंदा मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा, वैजापूरला. खाली कर्णे, पेट्या आणि वायरींची भेंडोळी यांनी भरलेलं गोदाम आणि त्याच्यावर यांचं बिऱ्हाड. लग्न असो, सप्ता असो, उरूस असो की निवडणूक, तालुक्यात मोठ्यानं जे काही व्हायचं ते साडूंच्या कर्ण्यातून व्हायचं. शिवाय माईक बरोबर चालतो की नाही याची खात्री ते स्वतः बोलून करून घेत, आणि ती खात्री व्हायला त्यांना फार वेळ लागे. माझ्या लग्नातही स्पीकर त्यांचाच होता. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि माझं अजून हार सावरणं चाललं असताना माईकवरून त्यांनी जाहीर केलं की नवरदेव लेखक आहेत, पण नोकरीबी आहे, पाव्हण्यांनी काळजी करू नये. सारा मांडव हसला. माझे सासरेही हसले, आणि ते सहसा हसत नसत. त्या लग्नातलं दुसरं काही आज कुणाला आठवत नाही. हे वाक्य मात्र प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला कुणीतरी काढतंच.

तेव्हापासून मी या माणसावर जळत आलो आहे. दिवाळीला आम्ही दोघे जावई सासुरवाडीला गेलो की सासरे मला ‘कॉलेज बरं चाललंय ना’ एवढं विचारत आणि उत्तर यायच्या आत खुर्ची साडूंच्या बाजूला वळवत. एकदा फराळानंतर मी माझ्या नव्या एकांकिकेतला एक प्रवेश वाचायला घेतला होता. दुसऱ्या पानावर साडू आत आले आणि येताना बस कशी बंद पडली ते सांगू लागले. बस पुन्हा सुरू होईपर्यंत पोरंबाळं, सासूबाई, कामाची बाई सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले होते. मी वाचलेला प्रवेश कुणी पुरा करायला सांगितला नाही. बस बंद पडल्याची ती हकीकत मलाही आवडली होती, हे आणखी वाईट.

पुढं मुलानं धंदा हातात घेतला आणि साडू-आक्का शहरात, गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तोवर आक्काच्या कानांनी बराच काढता पाय घेतला होता. उभा संसार गोदामाच्या डोक्यावर झालेला. खाली कर्णे तपासले जात आणि वर आक्का पोळ्या लाटत. हळूहळू तिला शब्दाची एखादीच बाजू ऐकू येऊ लागली आणि उरलेली ती मनानं जोडू लागली. मी एकदा तिला तब्येतीचं विचारलं तर तिनं सासूबाईंच्या म्हशीबद्दल सविस्तर सांगितलं. तिच्या मुलीनं पुण्याहून कानात घालायचं मशीन आणलं, पण त्यातून शिट्ट्या फार वाजत. आक्का म्हणाली की याच्यात माणसं सोडून सगळं ऐकू येतं, आणि तिनं ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. डॉक्टरांनी कानांचं कारण काय सांगितलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. साडूंसमोर ते कुणी काढत नसे. साडूही काढत नसत. जगातल्या एकूण एक विषयावर बोलणारा हा माणूस त्या एका विषयाला वळसा घालून जायचा.

आक्काला टीव्हीवरच्या मालिकांचा नाद. ऐकू येत नाही म्हटल्यावर साडू शेजारी बसून तिच्या कानाशी सगळी मालिका सांगू लागले. त्यांचं कानाशी सांगणं म्हणजे समोरच्या इमारतीतल्या बायकांनी आपापले टीव्ही बंद करून गॅलरीत येऊन बसावं असं. मुळात मालिका जरा रेंगाळत असे, साडूंच्या सांगण्यात ती पळे. ज्या सुनेचा त्यांना राग येई तिच्या तोंडी ते वाटेल ते घालत, आणि जी सासू त्यांना आवडे तिला न मागताच शहाणपण देत. आक्काला हे फार दिवस फसवता येणार नव्हतंच. ती माणसांचे चेहरे वाचायला शिकली होती. एका दुपारी ती शांतपणे म्हणाली, “ती बाई रडायली अन् तुम्ही सांगता तिनं नवऱ्याला झापलं. मला तोंड दिसतंय तिचं. तुमचं ऐकून मला तुमचंच कळतं, तिचं नाय.”

साडू त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. काहीतरी बिनसलं असं समजून माझ्या बायकोला त्यांच्या शेजारणीचा फोनसुद्धा आला. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की आपण सिनेमा काढतोय, मोबाइलवर, आणि त्याच्यात बोलणं अजिबात ठेवायचं नाही. मी विचारलं का. त्यांनी कारणं सांगितली: आवाजाला मशिनरी लई लागते, आवाजाचा आपल्याला आता कंटाळा आलाय, आणि बिनआवाजाचा सिनेमा चीनलासुद्धा कळंल. प्रत्येक भेटीत ते वेगळं कारण सांगत. खरं कारण आतल्या खोलीत वाटाणे सोलत बसलेलं असे. माझी समजूत अशी झाली की कथा तरी ते माझ्याकडून लिहून घेतील, म्हणून मी खिशातून पेनही काढलं. ते बघून साडू मायेनं म्हणाले, “सर, तुम्ही बसा निवांत. तुम्ही पडले लेखक. याच्यात तुमच्या जोगतं कामच नाय.”

हे वाक्य मी कितीतरी रात्री मनात घोळवलं आहे.

पहिला मूकपट त्यांच्याच सोसायटीच्या आवारात झाला. दोन शेजारी एकाच सावलीत आपापली स्कूटर लावायला बघतात आणि भांडता भांडता सावलीच सरकून जाते, एवढीच गोष्ट. नायक म्हणून त्यांनी तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर धरले: उंच, देखणे, भुवया अशा की नुसत्या उचलल्या तरी समोरच्यानं माफी मागावी. नायिकेच्या कामांना कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी. तिला रडायला सांगितलं की ती आधी कशासाठी रडायचं ते विचारून घेई आणि कारण पटलं नाही तर रडत नसे. मधल्या मजकुराच्या पाट्या साडू पुठ्ठ्यावर स्वतः रंगवत. पहिल्याच पाटीवर ‘दुसर्‍या दीवशी’ असं लिहिलेलं पाहून मी दि ऱ्हस्व करायला सांगितला. त्यांनी पाटी लांब धरून पाहिली आणि म्हणाले की दिवस मोठाच होता त्या दिवशी, राहू द्या. पाट्यांवर हसणारे प्रेक्षक मी पुढं पाहिले. ते शुद्धलेखनाला हसत होते की त्यांना खरंच गंमत वाटत होती, हे मला आजही ठरवता येत नाही. ठरवलं तर मला त्रास होईल.

चित्रण चालू असताना साडू जे बोलत, त्याला बोलणं म्हणणं अपुरं आहे. आवाज सिनेमात येणारच नाही म्हटल्यावर त्यांना रान मोकळं मिळालं. पोस्टमास्तरांनी पायरीवर पाऊल ठेवायचं म्हटलं तरी ‘पाय उचला, अजून उचला, आता राग आणा, राग म्हटलं मी, ढेकर नाय’ हे सगळ्या आवाराला ऐकू जायचं. गाडीवरून कॅमेरा सरकवायचा असला की ते ओळखीच्या एका रिक्षावाल्याला बोलावत, मागच्या सीटवर मोबाइल घेऊन पोटावर पालथे पडत आणि तशाच अवस्थेत हुकूम सोडत. तो रिक्षावाला एकदा कंटाळून त्यांना म्हणाला, “अंकल, आवाज तो पिच्चर में आनाच नै, तो जरा हल्लू बोले तो क्या बिगडता?” साडूंनी हे म्हणणं मोठ्यानं मान्य केलं आणि होतं तसंच पुढं चालू ठेवलं.

हे सगळं हास्यास्पद होतं आणि तसंच राहिलं असतं तर मी सुखी झालो असतो. पण माणूस शिकत गेला. वेरूळला जाऊन त्यांनी एक मूकपट केला: देवळासमोरच्या गर्दीत एका म्हाताऱ्याची बायको हरवते आणि तो कॅमेऱ्याकडे पाठ करून प्रत्येक हिरव्या लुगड्याच्या मागं जातो. मध्येच एका पहारेकऱ्यानं मोबाइलची तिकाटणी इथं लावायची नाही म्हणून हटकलं, तर साडूंनी त्याच्याशी वाद घालता घालता पोस्टमास्तरांना खूण केली आणि तो वादही सिनेमात घेऊन टाकला. तो पहारेकरी चित्रात असा दिसतो की म्हाताऱ्याला बायको शोधायलाही परवानगी लागते की काय असं वाटावं. पुढचा केला तो बैलांच्या बाजाराचा. तिथं अजून काही जुने व्यापारी भाव तोंडानं करत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबून करतात. साडूंनी नुसतं ते उपरणं दाखवलं. वर दोन कोरे चेहरे आणि खाली कापडाची हालचाल. पोस्टमास्तर विकणारे होते; बैल देवघेवीत जातोय आणि तो द्यायचा नाहीये, हे सगळं त्यांनी एका भुवईवर पेललं.

तो आम्ही साडूंच्या दिवाणखान्यात भिंतीवर पाहिला. पडदे ओढले होते. आक्का पुढच्या सतरंजीवर बसली होती. ती शेतकऱ्याच्या घरातली, वडिलांच्या बोटाला धरून बाजार पाहिलेली. उपरणं जरासं हललं आणि आम्हां कुणाला काही कळायच्या आत ती खळखळून हसली, कारण समोरच्यानं किती पाडून मागितलं ते तिला कळलं होतं. ती आधी हसली आणि आम्ही मागाहून. कित्येक वर्षं आम्ही हसलो की ती आमच्याकडे बघून अंदाजानं हसायची. त्या दिवशी आम्ही तिच्याकडे बघून हसलो. माझी बायको डोळे पुसत होती. मीही टाळ्या वाजवल्या. आपल्याला हे कधीच सुचलं नसतं ही गोष्ट टाळ्या वाजवताना फार स्पष्ट दिसते.

मग जे व्हायचं ते झालं. शहरातल्या सिनेमावेड्या तरुणांच्या एका मंडळानं साडूंचे मूकपट दाखवायचं ठरवलं. शाल, श्रीफळ, बातमी, छायाचित्र. प्रास्ताविक करायला मला सांगण्यात आलं, कारण मी ‘बोलायला चांगला’. मी आठवडाभर तयारी करून मौनाचं कलेतलं स्थान या विषयावर बोललो. मागच्या रांगेत मुलं मोबाइल पाहत होती, पुढच्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळ. दिवे गेले आणि पहिलीच ‘दीवशी’ची पाटी आली, तशा सगळ्यांच्या माना वर झाल्या. कार्यक्रमानंतर एका मुलीनं माझ्याजवळ येऊन उत्साहानं विचारलं की सर, तुम्ही त्यांचे नातेवाईक ना. मी हो म्हणालो. नाही म्हणावंसं वाटलं होतं.

पुढं मुलीनं आक्काला पुण्याला नेलं. तिथं तपासण्या झाल्या आणि नव्या तऱ्हेचं मशीन मिळालं. शिट्ट्या न वाजणारं. आक्का परत आली ती ऐकत आली. कुकर, पाखरं, लिफ्टचं दार, सगळ्यांची तिनं चौकशी केली. साडू दारातच उभे होते आणि नेहमीच्या पट्टीत तिचं स्वागत करत होते. ती मिनिटभर त्यांच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “इतकं वरडत व्हता व्हय तुम्ही माझ्याशी?”

माझी बायको तिथं होती. तिनं मला सांगितलं की दाजी बॅग उचलून सरळ आत गेले.

दुसऱ्या आठवड्यात साडू माझ्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले की आता तिला ऐकू येतं, आता बोलपट पाहिजे. लिहा सर, काय लिहायचं ते. खोटं कशाला बोलू, या शब्दांची मी वाट पाहत होतो. गाव सोडताना घर विकायचं की नाही यावरून भांडणाऱ्या नवरा-बायकोची गोष्ट मी घेतली. जे काही आयुष्यभर लिहायचं राहिलं होतं ते त्या दोघांच्या तोंडी घातलं. नवऱ्याचं एक स्वगत तर असं उतरलं की लिहून झाल्यावर मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

चित्रणाच्या दिवशी पोस्टमास्तरांनी तोंड उघडलं आणि आतून अगदी बारीक, नाकातला आवाज आला. त्या भुवयांच्या खाली तो आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. इतके मूकपट केले तरी हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण साडूंच्या ओरडण्यात ते बिचारे कधी बोललेच नव्हते. साडूंना तर आता गप्प बसणं भाग होतं. त्यांनी प्रयत्न केला, उपरण्याचा बोळा दातांत धरला, तरी माझ्या स्वगताच्या ऐन मध्यात ‘हात, हात, हात वर’ असा दबका आवाज उमटला तो उमटलाच. काढता येईना, म्हणून तसाच राहिला.

बोलपट त्याच भिंतीवर, त्याच दिवाणखान्यात लागला. मी आक्काच्या तिरप्या रेषेत जागा धरली होती, तिचा चेहरा दिसावा म्हणून. सुरुवातीला ती लक्ष देऊन ऐकत होती, दोनदा तिनं मानही हलवली. मग माझं स्वगत सुरू झालं. ते जरा लांबलं, हे मला तिथं बसल्यावर जाणवलं. आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला, कानातलं मशीन अलगद काढलं, मुठीत धरलं आणि पुन्हा भिंतीकडे पाहू लागली. पोस्टमास्तर घराच्या उंबऱ्यावर हात फिरवत होते. माझे शब्द चालूच होते. आक्काचे डोळे भरून आले.

मी साडूंकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. इतक्या सगळ्या सिनेमांच्या वेळी मी त्यांचे सिनेमे बघत बसलो, त्यामुळे ते कधी स्वतःचा सिनेमा बघतात की नाही हे मी पाहिलंच नव्हतं. त्यांनी तिच्या मिटलेल्या मुठीकडेही पाहिलं, आणि मग माझ्याकडे. दिवे लागल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, लई जोरदार लिहिलं. तिच्या मशीनची बॅटरी संपली आसंल मधी.” आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं हलक्या आवाजात बोलून दाखवलं ते माझी लाज राखायला. अशा माणसावर जळणंही धड जमत नाही.

त्यानंतर साडूंनी सिनेमा काढला नाही. कुणी विचारलं तर सांगतात की पोस्टमास्तर मुलाकडे राहायला गेले, मोबाइल जुना झाला, गुडघे साथ देत नाहीत. ते तरुण मंडळ अजून फोन करतं. पाट्यांचे पुठ्ठे माळ्यावर आहेत.

परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. संध्याकाळची वेळ, गॅलरीत चार खुर्च्या. आक्काच्या कानात मशीन होतं. ती आता घरात ते काढत नाही. माझी बायको आत चहाचं बघत होती. साडू आक्काच्या बाजूला झुकून तिला काहीतरी सांगत होते, अगदी हळू. कानात मशीन असलं की मोठ्यानं बोललेलं तिला सोसत नाही, म्हणून त्यांनी आवाज कुठल्या कुठं खाली आणून ठेवला आहे. त्यांचे हात वर-खाली होत होते, भुवया उचलल्या जात होत्या, आणि आक्का खाली बघून हसत होती. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. कान देऊनही मला एक शब्द ऐकू आला नाही. काय म्हणत होते म्हणून विचारावंसं फार वाटलं. पण ते माझ्यासाठी नव्हतं. बायको चहा घेऊन आली, माझ्या हातात कप देऊन समोर बसली आणि म्हणाली, “गप्प का आज?” मी तिच्याशी काहीतरी बोलणार होतो. ते हळू कसं बोलायचं हे मात्र मला कळेना.